बिनकाट्याच्या गुलाबाचा दोन पिढ्यांचा हिशेब

गुलाबाच्या फांदीवरचा काटा अंगठ्याने आडवा दाबून बघा. कट्‌कन निघतो आणि मागे गुळगुळीत वण राहतो. लिंबाचा किंवा करवंदाचा काटा असा सुटत नाही, कारण तो फांदीचंच बदललेलं रूप असतो. गुलाबाचा काटा नुसता सालीवर उगवलेला असतो. म्हणूनच काटेरी झाडाला अचानक एखादी बिनकाट्याची फांदी फुटली, तर लगेच तिच्या परागांवर भिस्त ठेवू नका. हा बदल बरेचदा सालीच्या वरच्या थरापुरता असतो आणि पराग घडतात त्याच्या आतल्या थरातून. तिचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, भरून कलम करा, बियांतून मात्र तो गुण उतरेलच असं नाही.

बियांतून बिनकाट्याचा नवा गुलाब घडवायचा तर दोन जातींचा संकर करावा लागतो, आणि त्यासाठी हाताशी असलेल्या जाती पुरेशा आहेत. 1958 ची आइसबर्ग आणि 1954 ची क्वीन एलिझाबेथ, दोन्ही कमी काट्यांच्या, आणि नर्सरीत सहज मिळतात. झेफिरीन द्रूअँ ही 1868 ची फ्रेंच जात तर जवळजवळ बिनकाट्याचीच. आई, म्हणजे जिच्यावर फळ धरायचं ते झाड, निवडताना फुलाच्या देखणेपणाआधी ती फळ धरते का ते पाहा. चार-पाच फुलं न तोडता सुकू द्या. खालचा हिरवा गोळा फुगू लागला तर ते झाड कामाचं. दोन्ही पालक वर्षभर फुलणारेच घ्या. वर्षातून एकदाच फुलणारी जात मिसळली, की पहिल्या पिढीत तोच स्वभाव वर येतो आणि पहिलं फूल दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात.

आता हिशेब. बागेतल्या बहुतेक आधुनिक गुलाबांत गुणसूत्रांचे चार संच असतात, आपल्यासारखे दोन नव्हेत. समजा काटे एकाच जनुकाने ठरतात आणि काटेरीपणा प्रभावी आहे. पूर्ण काटेरी आणि पूर्ण गुळगुळीत यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीची सगळी रोपं काटेरीच निघतील. इथेच बहुतेक जण नाराज होऊन रोपं उपटतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण हवा तो गुण त्यांच्यात दडलेला असतो. त्या रोपाचं स्वपरागण केलं तर 36 त 1 गुळगुळीत निघेल. तेच रोप परत गुळगुळीत पालकाशी जोडलं तर 6 त 1. प्रत्यक्षात काट्यांमागे एकाहून जास्त जनुकं असतात, त्यामुळे आकडे असे नेमके पडत नाहीत. पण रोख हाच राहतो: दुसऱ्या पिढीत गुळगुळीत पालकाकडे परत जा.

गोव्यातलं वेळापत्रक पाऊस ठरवतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी केली की नोव्हेंबरअखेर कळ्या येतात, तेव्हा संकर करायचा. कळीला रंग आलाय, पाकळ्या सैल झाल्यात, पण उमलली नाही, अशी सकाळी सातच्या आत धरा. पाकळ्या मुळापासून ओढून काढा. एखादा तुकडा जरी राहिला तरी आपल्या दमट हवेत कुजतो आणि फळाला बुरशी लागते. मग चिमट्याने सगळे परागकोश काढा, मधल्या कुक्षीला धक्का न लावता. वर बटरपेपरची पिशवी बांधा. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. बाप झाडाचे परागकोश कागदावर पसरून सावलीत दिवसभर सुकवा. हवेत ओल असेल तर ते फुटत नाहीत, अशा वेळी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. डब्याच्या कडेला पिवळी धूळ चिकटली की झालं. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट दिसेल, तेव्हा दहाच्या सुमारास बोटाने किंवा ब्रशने पराग लावा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं, आणि तारीख. पेन्सिलनेच लिहा, शाई दंवाने पुसली जाते.

दोन-तीन आठवड्यांत फळ गळलं तर जोडी जुळली नाही असं समजा. टिकलं तर साधारण चार महिन्यांनी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, नारिंगी होतं. बिया काढा, गर पूर्ण धुवा आणि सुकवून फ्रिजात ठेवा. तेव्हा पेरायच्या भानगडीत पडू नका. मेच्या उकाड्यात बी परत झोपी जातं. गणेशचवथीच्या सुमारास त्या बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत घाला आणि सहा ते आठ आठवडे 4 अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये नको. दर आठवड्याला उघडून बघा, बुरशी दिसली तर धुवा, पांढरं मूळ दिसलं तर ते बी लगेच पेरा. उरलेल्या बिया दिवाळीच्या आसपास पेरा, कोकोपीट आणि धुतलेली जाड वाळू निम्मी-निम्मी, 1 सेंमी खोल. शेणखत आत्ताच घालू नका, रोपमर होते, रोपं मानेशी काळी पडून कोलमडतात. चारात एक बी रुजलं तरी चांगलं.

पहिलं फूल रुजल्यावर दीड-दोन महिन्यांत येतं, जेमतेम वीतभर रोपावर. पाकळ्या कमी असतात, पुढे वाढतात, तेव्हा फुलावरून लगेच काढून टाकू नका. काट्यांचा निकाल तर अजून लांब आहे. बुंध्यातून फुटणारे जाड धुमारे दुसऱ्या वर्षीच खरे दिसतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर पाच पेरांमधले काटे मोजा आणि पानाच्या मागच्या शिरेवरून बोट फिरवा. वरून गुळगुळीत असलेल्या झाडालाही तिथे बारीक काटे असतात, आणि देवाची परडी भरताना तेच बोचतात.

काट्यांच्या आधी मात्र पावसाची चाळणी लावा. जुलै-ऑगस्टमध्ये रोपं बुरशीनाशक न मारता उघड्यावर ठेवा. काळ्या ठिपक्यांनी ज्यांची पानं पार झडतात, ती कितीही गुळगुळीत असली तरी गोव्यात टिकणार नाहीत. उरलेल्यांपैकी आवडलेल्या रोपाचे निदान तीन डोळे डिसेंबर-जानेवारीत मल्टिफ्लोरा या रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर, भरून ठेवा, म्हणजे मूळ रोप गेलं तरी जात राहील. खुंट बिनकाट्याचा मिळाला तर उत्तम. नसेल तर कलमाच्या खालून आलेला धुमारा दिसताच मुळाशी ओढून काढा. वाढू दिला तर त्याचेच काटे तुम्ही आपल्या रोपाचे म्हणून मोजाल.