ऐन-अर्जुनाचा पाला असेल तरच टसर पाळा

पावसाळ्याच्या तोंडाला टसर रेशमाच्या पतंगाची मादी दिव्यावर आली, तर तिचं मीलन बहुधा आधीच झालेलं असतं. आमच्या नागपूरच्या घरी आलेलीचंही झालं होतं. कागदी पिशवीत ठेवली तर रात्रीतून तिने पिशवीच्या आतल्या बाजूला चपटी, तपकिरी अंडी चिकटवली. तिला खायला काय द्यायचं, असं मुलांनी विचारलं. काहीच नाही. या पतंगांना खायला चालणारं तोंडच नसतं. अळीपणी जे खाल्लं त्याच्यावर थोड्या दिवसांचं आयुष्य काढायचं.

आठ-दहा दिवसांनी अंडी फुटतात, बहुतेक भल्या सकाळी. म्हणून पाला आदल्या संध्याकाळीच आणून ठेवते. ऐनाच्या झाडाचा मिळाला तर तो, नाहीतर अर्जुनाचा. शहरात रस्त्याकडेला अर्जुन लावलेले आहेत, पण तिथला पाला धुळीने माखलेला आणि कधी कधी फवारलेलाही असतो. भंडाऱ्याकडच्या माहेरच्या धुऱ्यावर ऐन आहे, तिथून फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून येतात. आमच्या आईंना (सासूबाईंना) हा सगळा खटाटोप अजून पटलेला नाही. "अव, येनाचा पाला एवढ्या लांबून आणतं, भाजी कायले नाई आणत?" असं त्या दर खेपेला विचारतात.

अळी पहिल्यांदा तपकिरी, काळ्या डोक्याची असते. पहिली कात टाकली की हिरवी होते, आणि पुढे तिच्या बाजूंना चांदीसारखे चकचकीत ठिपके येतात. एकूण चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी खाणं बंद करून, पुढचं अंग उचलून ती तासन्‌तास निश्चल बसते. नवशिक्यांना वाटतं मेली, आणि ते तिला हलवून बघतात. हलवू नका. तिने पाय रेशमाच्या गादीवर रोवलेले असतात. तिथून ओढली तर कात नीट निघत नाही.

एरवीही अळीला हात न लावलेलाच बरा. ती बसली आहे तेवढी डहाळी कापायची आणि नव्या फांदीला टेकवून ठेवायची, ती आपसूक चढते. फांदी बाटलीतल्या पाण्यात ठेवते आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करते, नाहीतर अळ्या देठावरून उतरून थेट पाण्यात जातात. बाटली पाण्याच्या ताटलीत, मुंग्यांसाठी. वरून मच्छरदाणीचं कापड, उझी माशीसाठी. ही माशी अळीच्या अंगावर अंडं घालते, तिथे काळा डाग दिसतो आणि ती अळी हातची जाते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टसर करणारे ढिवर लोक हे सगळं उघड्या जंगलात सांभाळतात, कावळ्यांसकट. माझं काम त्यापुढे काहीच नाही.

शेवटच्या अवस्थेत मात्र घरचे सगळे वैतागतात. अळी बोटाहून जाड होते आणि दिवसरात्र खाते. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर लेंड्या टपटप पडत राहतात. रात्री पाऊस आला असं वाटून मी उठून कपडे काढायला गेले आहे. पाला संपला की संपलं, कोबी-पालक काही चालत नाही.

मग एक दिवस खाणं थांबतं, पातळ शी होते आणि अळी भटकायला लागते. दोन-तीन पानं ओढून घेते, फांदीभोवती रेशमाचं कडं घालून त्यापासून देठ विणते, आणि मग पानांच्या आत कोसा, म्हणजे रेशमाचं कवच, विणायला बसते. विणून झाला की आतून पांढरट द्रव सोडते, त्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं. त्याने कोसा सुपारीसारखा टणक होतो. आत अळीचा कोष (पतंग होण्याआधीची निश्चल अवस्था) पूर्ण व्हायला आणखी काही दिवस लागतात, तोवर कापून बघायचा मोह आवरा.

"यातून साडीचा धागा निघेल का?" हा प्रश्न ठरलेला. अखंड धागा हवा असेल तर आतला कोष मारून कोसा सोड्यात उकळावा लागतो. मी उकळत नाही. पतंग भोक पाडून बाहेर पडतो, उरलेल्या रिकाम्या कोशापासून (कोसा) हाताने कातलेलं जाडं सूत निघतं. मला ते जास्त आवडतं.

हिवाळ्याआधी झालेले कोसे पुढच्या पावसापर्यंत तसेच पडून राहतात, त्यामुळे थोडी उसंत मिळते. अंडी मागणारे बरेच आहेत. मी आधी विचारते, झाड कुठे आहे? परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुलमोहर आहे ना दारात!" त्यांना अर्जुनाचं रोप दिलं आहे. अंडी ते वाढल्यावर.