समुद्रकाठचा नाच्या

नागपुरात, देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झीरो माइलच्या खांबापाशी उभं राहिलं की समुद्र चहूकडून सारखाच लांब वाटतो. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवले तरी तो दिसत नाही, दिसते ती भिवंडीकडची वाहनांची रांग. म्हणून नागपूरकरांनी फुटाळा तलावाच्या काठालाच चौपाटी म्हणून टाकलं आणि विषय मिटवला. तलाव भोसल्यांच्या काळातला. त्याला लाटा नाहीत, पण भुट्टा मिळतो.

असा मी, मागच्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर टोपी धरून उभा होतो. मुलगी मँचेस्टरला असते. "बाबा, तुम्हाला समुद्र दाखवते," म्हणाली. पण ओहोटी होती, समुद्र कुठल्या कुठे गेला होता आणि वारा असा की चिप्सचा पुडा दोन हातांनी धरावा लागे. एक हात सोडला तेवढ्यात सीगलने डाव साधला. आमच्याकडे माकडं हेच करतात, फक्त ती आधी डोळ्यात डोळे घालून बघतात.

समुद्र नसला तरी गावाचं काही अडत नव्हतं. आयफेलवरून सुचलेला तो टॉवर १८९४ सालचा. त्याच्या पोटातल्या नाचघरात भरदुपारी सत्तरीची जोडपी एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरत होती आणि वर्लिट्झर नावाचा एक अजस्र ऑर्गन वाजवणाऱ्यासकट जमिनीतून वर आला. हिने माझ्याकडे पाहिलं. मी ऑर्गनकडे पाहिलं. टॉवरसमोरच्या फरशीत हजाराहून जास्त विनोदवीरांची नावं आणि वाक्यं कोरली आहेत, कॉमेडी कार्पेट म्हणतात त्याला, २०११ सालचं. विनोद मान खाली घालून, चालत चालत वाचायचे. निम्मे मला कळले नाहीत. आमच्या पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुतळ्यांवरच्या, टोमण्यांच्या पाट्या त्यांना कुठे कळणार, तेव्हा हिशेब बरोबर.

खरी गंमत रात्री झाली. तिथे फनी गर्ल्स नावाचं एक प्रसिद्ध ठिकाण आहे, १९९४पासूनचं, आता एका जुन्या सिनेमागृहात. पुरुष बाईच्या वेषात नाचतात, गातात, टोमणे मारतात, त्याला ड्रॅग म्हणतात. आम्ही मात्र जवळच्या एका लहानशा पबात बसलो, कारण हिला पाय दुखल्यावर समोर दिसेल ते दार आवडतं. जागा मिळाली ती पहिल्या रांगेत. तमाशाला पहिल्या रांगेत बसू नये हे मला ठाऊक होतं, पण तिथे कुणी तमाशा म्हटलं नव्हतं.

मंचावर आली ती सहा फुटांच्या वर. त्यावर वीतभर टाचा, त्यावर हातभर केसांचा टोप. एक गाणं झालं, दुसरं झालं आणि बाई थेट आमच्या टेबलापाशी. कुठून आलात? नागपूर. समुद्र आहे का तिथे? नाही. मग ती हिच्याकडे वळली आणि अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाली, "अरेरे, मग तुमच्याकडच्या बायका नवऱ्याला बुडवतात कुठे?"

सगळा पब हसला. हिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि साध्या, स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "आमच्याकडे तलाव आहे."

त्यानंतरचा हशा मी आयुष्यात विसरणार नाही. त्या बाईने टोप सावरत हिच्यापुढे चक्क गुडघा टेकला. उरलेला कार्यक्रम ती दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून विचारी, "पोहता येतं ना?" आता इथे धरमपेठेत कॅफेमध्ये स्टँडअप होतं, आम्ही जातो, मुलं चांगली बोलतात. पण त्यांचं अर्धं लक्ष समोरच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतं. या बाईचं लक्ष माझ्या टकलावर होतं. त्यातलं सुख सांगून कळायचं नाही.

परत येताना मुलीने सांगितलं की हे गाव गिरणी कामगारांनी वाढवलं. लँकेशायरच्या कापडगिरण्या वर्षातून एकदा बंद राहत, एकेका गावाच्या ठरलेल्या आठवड्यात, आणि अख्खं गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलला येई. रेल्वे १८४६पासूनची. वर्षभर मागाच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू न आलेली माणसं, त्यांना आठवडाभर गाणं हवं होतं, हसायला हवं होतं. मला एकदम आमच्या एम्प्रेस मिलचा भोंगा आठवला. १ जानेवारी १८७७ला जमशेटजींनी ती सुरू केली, आता तिथे मॉल आहे. आणि भोंग्यापाठोपाठ आठवला मामा.

माझा मामा भंडाऱ्याकडचा, नागपुरात एका मिलमध्ये होता. त्याआधी, आणि सुट्ट्यांमध्ये त्यानंतरही, खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, पार्टीत नाच्या होता. ढोलकी, डफ, तुणतुणं, शाहीर, सगळे रात्रभर उभे, म्हणून ती खडी. बाई एकही नाही. गण होतो, मग गौळणीला लुगडं नेसलेला मामा येतो. हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. आई एवढंच सांगे की दादाला गाण्याचा नाद होता.

नागपूरला परतल्यावर एका संध्याकाळी मामांना फुटाळ्यावर घेऊन गेलो आणि भीतभीत सगळं सांगितलं. वाटलं, ऐंशीचा माणूस, हसेल किंवा चिडेल. त्यांनी दोन्ही केलं नाही. चौकशी सुरू केली.

"दाढी कितीदा करते तो?"

मी विचारलं नव्हतं.

"छातीले काय लावते?"

स्पंज असावा, म्हटलं.

"आमी कापूस लावो. मिलमधला, वाया गेलेला. चांगला बसे, पण घाम आला का वजन वाढे." मग जरा थांबून, "कपडे बदलाले खोली भेटते का त्याले?"

भेटते, आरसा असतो, दिवे असतात.

"आमाले गोठा भेटे. म्हशीसमोर लुगडं नेसा लागे." तलावाकडे बघत त्यांनी भुट्ट्याचे चार दाणे खाल्ले. "पब्लिक शिट्ट्या मारे, दौलतजादा देई, अन् सकाळी त्याच गावात चहा मागाले गेलो का कपबशी वेगळी. नाटकात बाई झाला त बालगंधर्व, गंमतीत झाला त नाच्या."

मी गप्प राहिलो. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, त्यांच्या नेसण्याची नक्कल बायका करत, हे सगळं मला पाठ होतं. मामा कोणत्या रंगाचं लुगडं नेसत हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्या शांततेवर उपाय म्हणून मी ब्लॅकपूलच्या बाईची चाल करून दाखवायला उठलो. टाच, कंबर, हात हवेत. चार पावलांतच मामा ओरडले, "अबे, हे बाई आहे का पोत्याखालचा हमाल? कंबर नोको हालवू. मान हालव. कंबर आपोआप येते."

आणि ते उठले. गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून घेतला, टोक दातात धरलं, डावा पाय किंचित पुढे, आणि मान वळवून खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. दीड-दोन सेकंद असेल. पलीकडच्या कट्ट्यावर सेल्फी काढणारी दोन पोरं थांबली. भुट्टेवाल्याच्या हातातला पंखा थांबला.

मग गुडघ्याने दगा दिला आणि ते माझा हात धरून खाली बसले. दुपट्टा सारखा केला. तळहात माझ्यापुढे पसरला.

"काय, मामा?"

"दौलतजादा."

मी खिशातून दहाची नोट काढली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली.

"दहाच? म्हैस बरी होती."