फ्लॉपी-उत्खनन : नोंद चौथी

माझ्या जुन्या फ्लॉप्यांवरचा मजकूर वाचून काढतोय; मागच्या नोंदीत त्या वाचणाऱ्या ड्राइव्हपाशी अडलो होतो. ते थोडक्यात उरकतो. जुन्या बाजारातला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह ग्रीझवीझल बोर्डाला (जुना फ्लॉपी-ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडून देणारी पाटी) जोडला. पण ड्राइव्ह ८० ट्रॅकचा (ट्रॅक म्हणजे तबकडीवरची गोल वाट) आणि माझ्या ३६० केबीच्या फ्लॉप्या ४० ट्रॅकच्या, त्यामुळे हेडला दर वेळी दोन पावलं टाकायला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. अख्खा शनिवार वाया. सात फ्लॉप्यांपैकी पाच निघाल्या. एकीवर बुरशी आहे, ती ड्राइव्हमध्ये घालायची हिंमत नाही. एक नुसतीच खरखरते.

पाचांपैकी चारांवर वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या इंग्रजी फायली आहेत, जॉबवर्कची पत्रं वगैरे. डॉस या जुन्या पीसी-प्रणालीत ‘टाइप’ आज्ञेने पाहिली तर प्रत्येक शब्दाची शेपटी वाकडी. इंग्रजी ‘द’ (the) मधला शेवटचा ‘ई’ जाऊन तिथे ग्रीक सिग्मा! जुन्या लोकांना कारण माहीत असेल, नव्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आठ बिटांच्या (शून्य-एकच्या घरांच्या) एका आकड्यात, म्हणजे कोडात, ठेवतो. इंग्रजीला सात बिट पुरतात, आठवा रिकामा असतो. वर्डस्टार तो स्वतःच्या खुणांसाठी वापरायचा. शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आठवा बिट चढवला की कोडात १२८ मिळवले जातात, म्हणून ‘ई’चा १०१ हा २२९ होतो आणि पडद्यावर सिग्मा दिसतो.

मग सगळीकडून १२८ वजा केले की झालं? मीही तसंच केलं आणि परिच्छेदांचे तुकडे झाले. ओळ आपोआप मोडली असेल तर वर्डस्टार १३ ऐवजी १४१ लिहितो, म्हणजे तोच एंटर, पण ‘कच्चा’. दोन्ही कडा सरळ करायला घातलेल्या जास्तीच्या जागा नेहमीच्या ३२ कोडाच्या नाहीत, १६० च्या आहेत. तेव्हा आधी १४१ असलेल्या ओळी जोडायच्या, १६० फेकायचे, आणि मगच आठवा बिट उतरवायचा. फाइलच्या शेवटी २६ कोडाची शेपूट असते, तीही कापा. सीपी/एम (डॉसच्याही आधीची प्रणाली) फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजायचं, शेवटचा तुकडा असा भरून काढायची सवय तिथली. वर्डस्टार १९७८ साली जन्मला तो सीपी/एमवरच.

पायथन भाषेत वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून चारही फ्लॉप्या स्वच्छ केल्या. तो लिहिला ‘जो’ नावाच्या एडिटरमध्ये, ‘जेस्टार’ पद्धतीने, म्हणजे बटणं वर्डस्टारची. डोक्याला एकही आज्ञा आठवत नव्हती, बोटांना सगळ्या आठवत होत्या. कंट्रोल-केबी, कंट्रोल-केके, कंट्रोल-केव्ही, ब्लॉक (मजकुराचा तुकडा) उचलून दुसरीकडे. ई-एस-डी-एक्सचा चौकोन डाव्या हाताखाली, बाणांच्या बटणांकडे हात न्यायचं कामच नाही. व्हिम या दुसऱ्या एडिटरच्या चाहत्यांनी रागावू नये, पण लिहिण्यासाठी याहून बरी मांडणी मला अजून सापडलेली नाही. तोटा एकच. ब्राउझरमध्ये सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबतो, ओळ सरकण्याऐवजी टॅबच बंद होतो. या आठवड्यात चारदा.

पाचव्या फ्लॉपीवर एकच फाइल होती. तीही त्याच पायथनमधून काढली आणि अगम्य काहीतरी बाहेर आलं. फ्लॉपी सडली असं समजून सोडून देणार होतो. मग लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘क्यू’ ते ‘झेड’ एवढीच अक्षरं आहेत. मोजली, बरोबर दहा. आणि पुन्हा पुन्हा एकच जोडी, ‘व्ही-आर’, ‘व्ही-आर’, मधूनच ‘आर-क्यू-आर’.

दहा अक्षरं म्हणजे दहा अंक! फाइल मराठी होती, इस्की (भारतीय लिप्यांसाठीची जुनी कोडपद्धत) कोडातली. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डाचा (पीसीवर भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) जमाना तो. इस्कीत देवनागरी वरच्या १२८ कोडांत बसते, ० ते ९ अंक २४१ ते २५० वर; १२८ गेले की तेच ‘क्यू’ ते ‘झेड’. मी ज्याला कचरा समजून उतरवत होतो त्या आठव्या बिटावरच सगळी मराठी उभी होती. ‘आर-क्यू-आर’ म्हणजे १०१, ‘व्ही-आर’ म्हणजे ५१. ‘मराठी’ हा शब्द माझ्या पायथनने एल, ओ, झेड, एक ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि एक उलटा स्लॅश असा करून ठेवला होता. मूळ इमेजला (फ्लॉपीवरून जशीच्या तशी उतरवलेल्या फाइलला) हात लावला नव्हता म्हणून वाचलो. नेहमी प्रतीवरच काम करा रे बाबांनो.

आयसीयू या प्रोग्रॅम-संचातल्या ‘यूकॉन्व्ह’ या कोड बदलणाऱ्या प्रोग्रॅमला इस्की कळते, एका आज्ञेत युनिकोड (आजची सगळ्या लिप्यांची सामायिक कोडपद्धत) मिळालं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरकसुद्धा शाबूत आला, कारण ‘ऱ’ला इस्कीत स्वतंत्र कोड आहे. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच साच्यातली, त्यामुळे ओढाताण फारशी नाही.

फाइल म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी. मीच टाइप केलेली असणार, कारण शुद्धलेखनाच्या चुका माझ्याच आहेत. बहुतेक घरं ५१ ची, तीन १०१ ची, एका घरापुढे ‘नंतर देतो’. खाली ‘एकूण’ लिहून पुढे रिकामं सोडलंय.

बेरीज आज केली. बुरशीवाल्या फ्लॉपीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलंय, पुढची नोंद तिची.