सव्वाआठ ते नऊ

गुरुवार. आज सुट्टी होती आणि बाहेर ब्रिस्टलचा तो नेहमीचा भुरभुर पाऊस, म्हणून खूप दिवस मनात होतं ते केलंच. अख्खा दिवस बीबीसी रेडिओच्या दुसऱ्या महायुद्धातल्या टाइमटेबलनं काढला. रेकॉर्डिंग मिळेल ते मोबाईलवर लावायचं, नाही मिळालं तर त्या वेळेला काय लागायचं ते वाचायचं, आणि सोबतीला शेजारच्या आजी. इंग्लिश आजी, युद्ध सुरू झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते पण मनात त्या आजीच आहेत.

सकाळी सव्वाआठ, किचन फ्रंट. आठच्या बातम्या संपल्या की पाचच मिनिटं, रेशनवर मिळतंय त्यात आज काय शिजवायचं एवढंच सांगायचे. बेकन, लोणी, साखर जानेवारी १९४० पासून रेशनवर आली, मग मटण, मग चहा. बाई एका हातात कार्ड घेऊन उभी आणि कानाशी कुणीतरी प्रेमानं सांगतंय की बटाट्याचं असं कर, गाजराचं तसं कर. आणि ह्या किचन फ्रंटमध्ये आपल्या वेणू चितळे बोलायच्या हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटाच आला. शिरोळच्या! माझं माहेर जयसिंगपूर, म्हणजे शिरोळ तालुकाच, शिरोळला आम्ही एसटीनं असं सहज जाऊन यायचो आणि तिथली एक मुलगी १९४० मध्ये बीबीसीत लागते, पुढे भारतासाठीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करते आणि मटणाची चणचण असलेल्या इंग्लंडच्या बायकांना रेडिओवरून भारतीय शाकाहारी पदार्थ शिकवते. १९४२ चा एक फोटो आहे, त्यात कवी टी. एस. एलियट, लेखक मुल्कराज आनंद ह्यांच्या रांगेत त्या बसल्यात आणि ऑर्वेल मागं उभा. शाळेत आम्हाला कुणी का नाही सांगितलं हे? आजींना मी हे सगळं सांगितलं आणि दुपारी मुगाची खिचडी करून दिली, वर तूप. त्यांनी दोनदा घेतली.

साडेदहाला म्युझिक व्हाईल यू वर्क. हे २३ जून १९४० ला सुरू झालं, सकाळी अर्धा तास, परत दुपारी तीनला अर्धा तास, कारखान्यात भोंग्यांवरून वाजायचं. मला वाटायचं आपली गाणी लावली की झालं, पण ह्यामागं केवढा विचार होता! संथ चाली नकोत कारण हात मंदावतात, लय एकसारखी पाहिजे, मशीनच्या खडखडाटातून ऐकू आलं पाहिजे. एका गाण्यात मधे चार टाळ्या येतात, तर ते गाणं ह्या कार्यक्रमातून काढूनच टाकलं कारण कामगार हातातलं काम सोडून टाळ्या वाजवतील म्हणून. आजींची आई इथंच ब्रिस्टलजवळ फिल्टनला विमानाच्या कारखान्यात होती. संध्याकाळी घरी येऊन भांडी घासताना ती सकाळची चाल गुणगुणायची, शब्द नाहीत, नुसतं हं हं हं, आणि तिची बोटं सगळी काळी असायची, साबणानं पण निघायची नाहीत. हे सांगताना आजींनी स्वतःची बोटं उघडून बघितली.

रेडिओ त्यांच्याकडे बॅटरीवरचा होता, घरात वीज नव्हती. काचेची जड बॅटरी, आत ॲसिड, वरती तारेची कडी. आठवड्याला ती दुकानात चार्जिंगला न्यायची आणि भरलेली दुसरी आणायची, आणि हे काम आजींचं. पायाला लागू द्यायची नाही, डुचमळू द्यायची नाही, हात असा अंगापासून लांब धरून चालायचं. एकदा दोन थेंब फ्रॉकवर पडले, तेव्हा काही दिसलं नाही पण धुतल्यावर तिथं दोन भोकं. म्हणून बॅटरी संपत आली की दिवसभर रेडिओ बंद, कुणी हात लावायचा नाही, कशासाठी तर गुरुवारच्या साडेआठसाठी राखून ठेवायची.

गुरुवारी रात्री साडेआठला लागायचं इटमा, म्हणजे ‘इट्स दॅट मॅन अगेन’, विनोदी कार्यक्रम. टॉमी हँडली आणि त्याची गँग, लिहायचा टेड कॅव्हना. दार उघडल्याचा आवाज, एक पात्र आत, दोन वाक्यं, दार बंद, दुसरं पात्र आत, इतक्या स्पीडनं की मला अर्धं कळत नाही, कारण ते विनोद त्या आठवड्याचे, त्या रेशनचे, त्या सरकारी फॉर्मचे. आजी मात्र ऐकता ऐकता पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या. त्यात फुन्फ नावाचा एक जर्मन हेर आहे, ज्याच्या धास्तीनं लोक खरे घाबरलेले होते त्याचंच सोंग करून हसवायचे, आणि तो घोगरा आवाज जॅक ट्रेन नावाचा नट काचेच्या ग्लासात तोंड घालून काढायचा. आजींनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि तोंडाला लावून तसंच बोलल्या. डिट्टो! शाळेतली सगळी पोरं असं करायची म्हणे, फोन ज्यांच्याकडे होता ते फोनवर करायचे.

आणि हे सगळं आपल्या ब्रिस्टलमधून होत होतं काही काळ, कारण लंडनवर बाँब पडणार म्हणून मनोरंजनाचं सगळं खातंच इकडं हलवलं होतं, मग इथंही बाँब पडायला लागले तेव्हा १९४१ मध्ये वेल्समधल्या बँगोरला नेलं. म्हणजे हसवणारेसुद्धा बोचकी घेऊन जागा बदलत होते आणि वेळेला माईकसमोर उभे राहत होते. मला ह्याचं फार वाटतं. लोक म्हणतात करमणूक ती काय, पण ज्या घरात बाप आघाडीवर आहे आणि आई रात्रपाळीला, तिथं एका मुलीला माहीत असतं की आत्ता ह्या क्षणी गल्लीतल्या प्रत्येक घरात हाच माणूस बोलतोय आणि सगळे एकदम हसतायत, मग ती एकटी कशी राहील? मी इथं आल्यावर पहिली दोन वर्षं संध्याकाळी किती एकटी होते ते मलाच माहीत, शंभर चॅनल होते हाताशी, पण माझ्या बरोबरीनं तेच ऐकणारं शेजारी कुणी नव्हतं.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एकाहत्तरला आम्ही मुंबईत मावशीकडं होतो, खिडक्यांना ब्राऊन पेपर लावलेले, दिवे घालवून सगळे रेडिओला चिकटून बसायचो." हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

नऊच्या बातम्या. १५ ऑक्टोबर १९४० ला बीबीसीच्या इमारतीतच बाँब फुटला तेव्हा ब्रूस बेलफ्रेज नऊच्या बातम्या वाचत होता, लोकांना घरी धप्प आवाज ऐकू आला, तो क्षणभर थांबला आणि पुढं वाचत राहिला. त्याच इमारतीत सात जण गेले. पुढच्या महिन्यापासून नऊच्या बातम्यांआधी लंडनच्या बिग बेन घड्याळाचे टोल द्यायला लागले, त्या मिनिटात घरोघर लोक गप्प बसून आपापल्या माणसाची आठवण काढायचे.

मी ते टोल लावले. आजींनी चमचा बशीत ठेवला, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले, मी काही बोलले नव्हते. शेवटचा टोल विरला तसं त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पडदा नीट ओढ गं, फट राहिलीय."

उठून ओढला.