चेंडू मैदानातलाच कशावरून?

मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या, सामन्यात वापरलेला चेंडू आणि तसाच दिसणारा दुसरा एखादा चेंडू शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतला सामन्यातला कोणता, हे मुरलेल्या संग्राहकालाही नुसत्या नजरेने खात्रीपूर्वक सांगता येत नाही. दोन्ही रॉलिंग्ज कंपनीच्या कोस्टारिकातील तुरियाल्बा येथल्या कारखान्यात तयार झालेले असतात आणि दोन्हींवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके हातानेच घातलेले असतात. सामन्यापूर्वी चेंडूची चकाकी घालवण्यासाठी त्याला जो चिखल चोळतात, तोही खुणेसाठी पुरेसा नाही. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक लीना ब्लॅकबर्न यांनी १९३८ साली प्रचारात आणलेला हा चिखल आमच्या न्यू जर्सीतच, डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठच्या गुप्त जागेवरून काढला जातो. पण तो डब्यांत भरून विकलाही जातो आणि कोणीही तो विकत घेऊन घरच्या चेंडूला चोळू शकतो. चेंडूवरचा डाग, ओरखडा किंवा बॅटचा ठसा कितीही बोलका वाटला, तरी तो चेंडू अमुक सामन्यात अमुक खेळाडूने टोलवला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध व्हायचे असेल, तर त्या क्षणी कोणीतरी पाहत असावे लागते, आणि पाहणाऱ्याची नजर चेंडूवरून मध्येच हटलेली नसावी लागते.

ही गोष्ट बेसबॉलच्या व्यवस्थापनाला फार उशिरा आणि बरीच किंमत मोजून समजली. १९९० च्या दशकात अमेरिकेतील स्मृतिवस्तूंच्या बाजारात बनावट सह्यांचा सुळसुळाट झाला होता. सॅन दिएगो पाद्रेसचे महान फलंदाज टोनी ग्विन यांना खुद्द आपल्या संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या आणि त्यांनी ती गोष्ट लावून धरली. एफबीआयने त्याच शहरातून ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये छापे घालून खोट्या सह्या करणारी एक मोठी टोळी उघडकीस आणली. या टोळीने बेसबॉलच्या चेंडूंवर मदर तेरेसांच्याही सह्या केल्या होत्या, यावरून घेणाऱ्यांचा विश्वास किती आंधळा झाला होता, याची कल्पना यावी. या प्रकरणानंतर, २००१ साली मेजर लीगने स्वतःची प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. एका संपूर्ण खेळाने आपल्या वस्तूंच्या खरेपणाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यावी, हा मला क्रीडा-व्यवस्थापनातील अत्यंत प्रामाणिक निर्णयांपैकी एक वाटतो.

या व्यवस्थेचा गाभा असा, की प्रमाणीकरण करणारी व्यक्ती चेंडूची पारखी नसतेच. ती कार्यरत किंवा निवृत्त पोलीस अधिकारी असते, संघाच्या नोकरीत नसते, आणि प्रत्येक सामन्यात डगआउटजवळ (संघाच्या खेळाडूंची मैदानालगतची बसायची जागा), मैदान स्पष्ट दिसेल अशा जागी हजर असते. आपल्याकडे पोलीस जसा पंचांसमक्ष पंचनामा करून मुद्देमाल सीलबंद करतात, तेच तत्त्व येथे चेंडूला लावले आहे. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, टाकलेला चेंडू जमिनीवर आपटला किंवा त्याला ओरखडा पडला, की सामन्याचे पंच तो बाद करतात. बाद झालेला चेंडू डगआउटच्या दिशेने येतो आणि थेट या अधिकाऱ्याच्या ताब्यात जातो. तो कोणत्या डावात, कोणी टाकला, समोर कोण होते आणि पुढे काय झाले, याची नोंद तिथल्या तिथे होते. मग चेंडूवर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवला जातो आणि त्या क्रमांकाखाली सारी माहिती मेजर लीगच्या नोंदवहीत चढते. होलोग्राम काढायला गेल्यास तो फाटतो, त्यामुळे एका चेंडूवरचा दुसऱ्यावर लावता येत नाही. अलीकडे प्रत्येक फेकीचा वेग आणि प्रकार यंत्रांनी टिपला जात असल्यामुळे अगदी साध्या, कोणताही विक्रम न झालेल्या चेंडूचीही फेकीपर्यंतची ओळख मिळते.

या पद्धतीत मला सर्वाधिक मोल वाटते ते नकाराचे. फाउल गेलेला, म्हणजे टोलवल्यावर खेळाच्या हद्दीच्या रेषेबाहेर गेलेला, चेंडू प्रेक्षकांत पडला आणि पहिल्या रांगेतील मुलाने तो अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत झेलला असे आपण मानू. पुढच्याच क्षणी तो चेंडू गर्दीत दिसेनासा होतो आणि त्या मुलाने काही मिनिटांनी तोच चेंडू आणून दाखवला, तरी अधिकारी त्यावर होलोग्राम लावत नाही. मुलगा खोटे बोलत आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मधल्या काही क्षणांची साक्ष कोणाकडेच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा नियम निष्ठुर वाटतो खरा, परंतु तो एकदा सैल केला तर उरलेल्या लाखो वस्तूंवरील होलोग्रामांना काहीच अर्थ राहणार नाही.

मोठ्या विक्रमांचे चेंडू मात्र बहुधा प्रेक्षकांतच जातात, कारण ते होम रनचे, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारख्या थेट मैदानाबाहेर गेलेल्या टोल्याचे असतात. त्यासाठी शोधलेला उपाय साधा आहे. १९९८ साली मार्क मॅग्वायर एका हंगामातील होम रनच्या विक्रमाजवळ आले, तेव्हा त्यांच्यासाठी टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर आधीच गुप्त खुणा आणि क्रमांक घातले गेले. २०२२ मध्ये अ‍ॅरन जज यांच्या बाबतीतही हेच केले गेले. ते फलंदाजीला आले की पंचांकडे खुणा केलेले वेगळे चेंडू दिले जात आणि त्यांची पाळी संपली की साधे चेंडू परत येत. त्यामुळे ४ ऑक्टोबर २०२२ रोजी आर्लिंग्टन येथे त्यांनी मारलेला ६२ वा होम रन प्रेक्षकाच्या हातात विसावला, तरी तोच चेंडू ओळखता आला. पुढे तो लिलावात १५ लाख डॉलरना गेला. शोहेई ओहतानी यांच्या २०२४ मधील ५० व्या होम रनच्या चेंडूला तर ४३ लाख ९२ हजार डॉलर मिळाले. एवढ्या रकमा पणाला लागतात तेव्हा ‘मी स्वतः झेलला’ या शब्दावर व्यवहार होऊ नये, हे उघड आहे.

जे चेंडू २००१ पूर्वीचे आहेत, त्यांच्यासाठी असा साक्षीदार नाही. तेथे खऱ्या अर्थाने पारखीची गरज लागते. चेंडूवरचा शिक्का हा त्यातला पहिला पुरावा. १९९९ पर्यंत मेजर लीगच्या दोन विभागांचे, म्हणजे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांचे चेंडू वेगळे असत आणि त्यांवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. वॉरन जाइल्स १९५१ ते १९६९ या काळात नॅशनल लीगचे अध्यक्ष होते. म्हणून त्यांची सही छापलेला चेंडू १९४० च्या सामन्यातला म्हणून कोणी विकू लागला, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. १९७७ पूर्वीच्या चेंडूवर रॉलिंग्जचे नाव असता कामा नये. १९३४ पूर्वीच्या अमेरिकन लीगच्या चेंडूंवर लाल आणि निळे टाके असत, तर नॅशनल लीगच्या चेंडूंवर लाल आणि काळे. घोड्याच्या कातड्याऐवजी गाईचे कातडे १९७४ मध्ये आले. अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर दोरा किंवा कातडे झगझगीत चमकले, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेली शुभ्रक रसायने असण्याचा संभव असतो.

या सर्व कसोट्या मला मनापासून आवडतात, पण त्यांची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. त्या खोटे उघड करतात; खरे सिद्ध करत नाहीत. योग्य शिक्का आणि योग्य टाके यांवरून चेंडू त्या काळातला आहे एवढेच ठरते. तसेच अधिकृत चेंडू तेव्हा दुकानांतही मिळत असत, त्यामुळे तो सामन्यात वापरला गेला होता, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तेथे जुनी छायाचित्रे कामी येतात. छायाचित्रातील चेंडूवरचा डाग आणि हातातील चेंडूवरचा डाग, शिक्क्यापासूनच्या अंतरासह तंतोतंत जुळला, तर तो पुरावा माझ्या मते कोणत्याही पत्रापेक्षा श्रेष्ठ. खेळाडूच्या कुटुंबीयांनी दिलेली पत्रे बहुतेक वेळा निर्मळ मनाने लिहिलेली असतात. तथापि चाळीस वर्षांनंतरची आठवण प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते.

होलोग्राम असलेला चेंडू घेतानाही डोळे उघडे ठेवावेत, असे नवीन संग्राहकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. होलोग्राम खरा असतो, पण तो कशाची ग्वाही देतो हे वाचले जात नाही. सही केलेल्या चेंडूवरचा होलोग्राम अनेकदा फक्त इतकेच सांगतो, की सही अधिकाऱ्यासमोर झाली. तो चेंडू सामन्यात वापरला गेला होता, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. सरावातला चेंडू, संघाला दिलेला चेंडू आणि सामन्यात वापरलेला चेंडू या तिन्ही नोंदी वेगळ्या आहेत, आणि किमतीतील सारा फरक त्या नोंदीत आहे. क्रमांक मेजर लीगच्या संकेतस्थळावर घालून नोंद वाचावी आणि मग त्या सामन्याचा उपलब्ध असलेला फेकीनिहाय तपशील तिच्याशी ताडून पाहावा. नोंदीत सातव्या डावातील फाउल म्हटले असेल, तर सातव्या डावात त्या फलंदाजाचा फाउल सापडला पाहिजे. माझ्या संग्रहातील चेंडू मी असेच निवडतो, आणि कोणताही विक्रम न झालेल्या एका साध्या फेकीचा चेंडूही मग मला पूर्ण समाधान देतो.

चेंडूचा खरेपणा आणि त्या पराक्रमाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. मॅग्वायर यांच्या ७० व्या होम रनचा चेंडू जानेवारी १९९९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलरना विकला गेला. २०१० साली त्यांनी स्टिरॉइड घेतल्याची कबुली दिली. चेंडू तेव्हाही अस्सल होता आणि आजही आहे.

क्रिकेटमध्ये मला या व्यवस्थेची उणीव फार जाणवते. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर महेंद्रसिंग धोनी यांनी मारलेला विश्वविजयी षटकार प्रेक्षकांत गेला. एरवी षटकाराचा चेंडू प्रेक्षक परत देतात, कारण त्याच चेंडूने खेळ पुढे चालू राहायचा असतो. येथे सामनाच संपला होता. मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये तो चेंडू पडला त्या जागी स्मारक करण्याचे ठरवले, हे उत्तमच झाले. पण बेसबॉलच्या कसोटीनुसार आज कोणीही आणून दाखवलेला चेंडू तोच आहे, अशी ग्वाही देता येणार नाही, कारण त्यावर आधी खूण केलेली नव्हती.

आणि गंमत म्हणजे क्रिकेटकडे साक्षीदार आधीपासूनच आहे. प्रत्येक गडी बाद झाल्यावर आणि प्रत्येक मध्यंतराला चेंडू पंचांच्या ताब्यात जातो. बेसबॉलला पोलीस अधिकारी नेमून जी सलग देखरेख उभी करावी लागली, तिचा मोठा भाग येथे खेळाच्या नियमांतच आहे. सामन्याआधी चेंडूंच्या पेटीतील प्रत्येक चेंडूवर क्रमांक घालणे, आणि डाव संपताच पंचांच्या हातातून तो थेट सीलबंद करून त्याची नोंद ठेवणे, एवढेच बाकी आहे. पुण्यातील ब्लेड्स ऑफ ग्लोरीसारखे क्रिकेट संग्रहालय महाराष्ट्रात उभे असताना, अशा नोंदीची सुरुवात रणजी सामन्यांपासून आणि आपल्याच मैदानांवरून व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.