ती डॉक्टर नाही, आजी

आज वॉर्डवर एक मराठी आजी भेटल्या. इंग्लंडात डॉक्टर म्हणून नोकरीला लागून सहा वर्षं झाली, तरी "बाळा, मराठी का गं तू?" ऐकलं की गलबलून येतं.

"सकाळची डॉक्टरीण फार मायाळू हो. पायाच्या सुजेवर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघत बसली."

ती डॉक्टर नव्हती, फिजिशियन असोसिएट होती. पदवीनंतर साधारण दोन वर्षांचं शिक्षण. रुग्णाला तपासते, रक्त काढते, नोंदी लिहिते. पण इथल्या नियमाने तिला औषध लिहून देता येत नाही, एक्स-रे काढायलाही सांगता येत नाही. म्हणून ती चार्ट घेऊन माझ्याकडे आली. न बघता सही करायची नसते. मी जाऊन स्वतः बोट दाबलं, छाती ऐकली, मगच लघवीच्या गोळीचा डोस वाढवला.

या लोकांवरून इथे फार वाद चाललाय. डिसेंबर २०२४ पासून त्यांची नोंदणी जनरल मेडिकल काउन्सिलकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडेच होते. त्यांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या जुलै २०२५ च्या लेंग अहवालाने तर 'असोसिएट'ऐवजी 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव सुचवलं. मला ते पटतं. आपल्याला कोण तपासतंय हे रुग्णाला कळायलाच हवं. पण त्यापायी कामसू मुलीला टोमणे मारणं मला सहन होत नाही.

आजींना सगळं समजावलं.

"बरं. पण उद्या सकाळी तिलाच पाठव आधी. मग तू ये."