तुम्ही विचारलेत म्हणून : एका नावाविषयी मी काय बोललो

“त्यांचे नाव न्यायमूर्तिपदासाठी चर्चेत होते, तेव्हा तुम्ही विरोधात मत का दिलेत?” एका वकिलाविषयीचा हा प्रश्न मला गेली काही वर्षे बार रूममध्ये, समारंभांत आणि एकदा तर एका सहकाऱ्याच्या शोकसभेनंतरही विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा उत्तर सोबत घेऊनच आलेला असतो. त्यांची विद्वत्ता वादातीत होती, पैशाच्या बाबतीत त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हते आणि माझे स्वतःचे नाव वयामुळे मागे पडलेले होते; तेव्हा मत्सराखेरीज दुसरे कारण काय असणार, असा तो हिशेब असतो. मत्सर नव्हता, असे मी म्हणणार नाही. तो होता, आणि मत देण्यापूर्वी दोन रात्री मी त्याच्याशीच झगडत होतो. परंतु त्या दिवशी मी जे सांगितले ते मत्सराने सुचलेले नव्हते, एवढे मात्र मला आजही म्हणावेसे वाटते.

मला कोणी लेखी विचारले नव्हते. उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदातील, म्हणजे नियुक्तीसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटातील, एका न्यायमूर्तींनी चेंबरमध्ये बोलावून एवढेच विचारले होते की, त्यांचा स्वभाव कसा आहे. ज्ञान कसे आहे, असे त्यांनी विचारले नाही, कारण ते त्यांना रोज समोर दिसत होते. मी एकच वाक्य बोललो : “चूक कबूल करणे त्यांना जमत नाही.” न्यायमूर्तींनी मान हलवली आणि विषय बदलला. पुढे ते नाव वर गेले नाही. माझ्या वाक्यामुळे गेले नाही की अन्य कारणाने, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तरीही त्या वाक्याचा धनी मी आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

ज्या दिवसामुळे हे वाक्य माझ्या तोंडी आले, तो दिवस या घटनेच्या अकरा वर्षे आधीचा आहे. एका रिट याचिकेत आम्ही दोघे एकाच बाजूला होतो; ते मुख्य प्रतिवादींतर्फे आणि मी दुसऱ्या प्रतिवादीतर्फे, पुढच्या रांगेत शेजारी शेजारी. त्यांचा युक्तिवाद एका जुन्या निवाड्यावर उभा होता. सकाळी बोर्ड सुरू होण्यापूर्वी त्यांच्या ज्युनियरने, वकिलीत तीन वर्षे झालेल्या एका मुलाने, मागून एक चिठ्ठी पुढे सरकवली. ती माझ्या हातून गेली, म्हणून मी ती वाचली : ‘सर, हा निवाडा मोठ्या पीठाने ओव्हररूल केला आहे. नवा निवाडा बॅगेत ठेवला आहे.’ म्हणजे त्या जुन्या निवाड्याचा आधार आता उरला नव्हता. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि आपल्या कागदांखाली ठेवली. मला वाटले, आता ते युक्तिवादाची दिशा बदलतील, आणि तसे करण्याची बुद्धी त्यांच्यापाशी निःसंशय होती. त्यांनी तसे केले नाही. ते उभे राहिले आणि तोच निवाडा त्यांनी पानांच्या क्रमांकांसह वाचून दाखवला.

समोरच्या बाजूच्या वकिलाने नवा निवाडा खंडपीठापुढे ठेवल्यावर कोर्टात जी शांतता पसरते, ती वकिली करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेली असते. वरिष्ठ न्यायमूर्तींनी विचारले, “आपल्याला हे ठाऊक होते का?” आपल्या विरोधात जाणारा, बंधनकारक असलेला निवाडा ठाऊक असूनही न सांगणे हे वकिलाच्या कर्तव्यात बसत नाही, हे तिथे बसलेल्या सर्वांना माहीत होते. त्यांनी क्षणभरही न थांबता मागे वळून पाहिले आणि म्हणाले, “मिलॉर्ड, संशोधनाचे काम माझ्या ज्युनियरकडे होते. मी दिलगीर आहे.” तो मुलगा उभा राहिला. त्याचा चेहरा मला तिरपा दिसत होता. तो म्हणाला, “चूक माझी आहे, मिलॉर्ड.” चिठ्ठी तेव्हाही त्यांच्या कागदांखालीच होती, तिचा एक कोपरा बाहेर आलेला होता आणि माझी नजर त्या कोपऱ्यावरून हलत नव्हती.

मी काही बोललो नाही. माझा अशीलही त्याच बाजूला होता. सहकाऱ्याला भर कोर्टात उघडे पाडणे रीतीला धरून नव्हते. शिवाय मला कोणी विचारलेले नव्हते. ही तिन्ही कारणे खरी आहेत, आणि तिन्ही मिळूनही पुरेशी नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते बार रूममध्ये नेहमीसारखेच प्रसन्न होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “अहो, ज्युनियर असतात कशाला?” आजूबाजूचे हसले. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही यावरूनच हसलो असेन असे वाटते. चार महिन्यांनी त्या मुलाने ते चेंबर सोडले.

आता तुम्ही म्हणाल, आणि अनेकांनी म्हटलेही आहे, की एका दुपारवरून माणसाच्या साऱ्या स्वभावाचा निवाडा करायचा काय? या प्रश्नावर माझे पूर्वीचे मत तुमच्याच बाजूचे होते. विशीत आणि तिशीत मी हिरिरीने सांगत असे की, न्यायाधीशाला कायदा यावा आणि त्याचे हात स्वच्छ असावेत. बाकी तो तापट आहे की शांत, हा शैलीचा भाग झाला. कडक न्यायमूर्तींची मी बाजूही घेत असे. तेव्हाचा मी आज समोर आला, तर मी त्याला त्याची गल्लत दाखवून देईन : तू रागाला स्वभाव समजत होतास. रागीट न्यायाधीश अनेकदा संध्याकाळपर्यंत निवळतो. ज्याला स्वतःची चूक दिसूच शकत नाही, त्याचे काय करायचे? दिलेला निर्णय पुन्हा तपासावा, असा पुनर्विलोकनाचा अर्ज सर्वसाधारणपणे त्याच न्यायाधीशापुढे जातो. आदेशातील टंकनदोष काढण्यासाठी आम्ही ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ करतो, तेही त्यांच्याचपुढे. आणि असे न्यायमूर्ती मी पाहिले आहेत की, ज्यांच्यापुढे तारखेतील एक आकडा दुरुस्त करून मागायलाही चांगले चांगले वकील कचरत. त्या आकड्यावर एखाद्याचे निवृत्तिवेतन अडकलेले असते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत हलवणे जवळजवळ अशक्य असते, हे लक्षात घेतले म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी फार जुनी वाटत नाही.

पण तो तिशीतला मीही गप्प बसणारा नाही. तो विचारेल की, मग ज्यांच्याविषयी तू अनुकूल मत दिलेस, त्यांचे काय झाले? त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. दुसऱ्या एका नावाविषयी मी मोकळेपणाने ‘होय’ म्हटले होते. वीस वर्षांच्या वकिलीत ज्यांनी शिपायालाही कधी ‘अरे’ म्हटले नाही, असे ते गृहस्थ होते. खंडपीठावर बसल्यावर वर्षभरात त्यांनी तरुण वकिलांना पूर्ण वाक्य बोलू देणे सोडून दिले. सत्ता हाती नसताना माणूस सौम्य असतो, याचा अर्थ तो सौम्यच असतो असा होत नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते, आणि कळले असते तरी मी काय वेगळे मत देऊ शकलो असतो?

स्वभाव तपासण्याची रीत तरी कुठे आहे? उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या नियुक्तीविषयीच्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये नागरिकत्व आहे, दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद आहे; स्वभावाविषयी अक्षर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातील एका नियुक्तीला आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पात्रता आणि योग्यता यांत फरक केला आणि योग्यतेच्या प्रश्नात शिरण्याचे नाकारले. कायदा म्हणून ते बरोबर असेलही, पण त्यामुळे योग्यतेचा सारा भार बंद दाराआड केलेल्या चौकशीवर, म्हणजे माझ्यासारख्यांच्या एका वाक्यावर येऊन पडतो. वकील सोमशेखर सुंदरेशन यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी पुढे आले, तेव्हा त्यांनी समाजमाध्यमांवर व्यक्त केलेली मते हा आक्षेपाचा मुद्दा झाला. न्यायवृंदाने जानेवारी २०२३ मध्ये ती शिफारस पुन्हा केली आणि नियुक्ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाली. मते तपासली जातात, कारण ती छापून ठेवता येतात. चिठ्ठी कागदांखाली सरकवणारा हात कोणत्याही अहवालात येत नाही. २०२४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने उमेदवारांना समोर बोलावून बोलण्यास सुरुवात केली. ते चांगले झाले, असे मी म्हणतो, जरी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसमोर उद्धटपणा करणारा उमेदवार मला अद्याप भेटायचा आहे.

या वादात कोणीतरी रामशास्त्र्यांचे नाव काढतेच. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश आम्हाला हवा, असे म्हणतात. हवाच आहे. पण ते आपल्याहून मोठ्या माणसापुढचे धैर्य झाले, आणि माझ्या त्या सहकाऱ्यांपाशी ते धैर्य होते. सरकारविरुद्ध त्यांनी लढवलेले खटले मी विसरलेलो नाही. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या वकिलासाठी मात्र त्यांच्यापाशी काहीच नव्हते.

मत देऊन झाल्यावर काही महिन्यांनी मी तो मुलगा, जो आता मुलगा राहिलेला नव्हता, त्याला गाठले. मला वाटत होते की, त्याच्या वतीने उशिरा का होईना कोणीतरी बोलले, याचे त्याला समाधान वाटेल. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, ते तुम्ही माझ्यासाठी केलेत असे कृपया समजू नका. मला तुमची गरज त्या दिवशी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी होती.” मग त्याने हेही सांगितले की, चेंबर सोडताना त्या सहकाऱ्यांनीच त्याला दोन मोठी ब्रीफ्स, म्हणजे खटल्यांची कामे, मिळवून दिली होती, आणि त्यावरच त्याची वकिली उभी राहिली. ती भरपाई होती की तोंड बंद ठेवण्याची किंमत, हे त्याला आजही ठरवता येत नाही. मला मत देताना हे ठाऊक असते तर माझे वाक्य बदलले असते काय? कदाचित मी दुसरे एक वाक्य जोडले असते. कदाचित नाही.

आता त्या मुलाचेच नाव चर्चेत आहे, असे ऐकतो. त्याचा अभ्यास उत्तम आहे, तो कोणावर आवाज चढवत नाही, त्याचे ज्युनियर त्याच्यापाशी टिकतात. उद्या मला कोणी चेंबरमध्ये बोलावून त्याचा स्वभाव विचारला, तर हे सर्व मी आनंदाने सांगेन. परंतु त्याने एकदा खंडपीठापुढे उभे राहून, एका सामर्थ्यवान माणसाला वाचवण्यासाठी, जे खरे नाही हे त्याला पूर्ण ठाऊक होते ते सांगितले होते. आणि ते खोटे होते, हे जाणणारे आम्ही तिघेच आहोत. तेही सांगायचे की नाही, याचा विचार मी गेले तीन आठवडे करतो आहे. अजून कोणी विचारलेले नाही.